वाट निवडताना

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती तास लागतात?’ दुसरा प्रश्न, ‘रस्ता कसा आहे?’ आणि हे दोन प्रश्न विचारून झाले की बॅगा भरावयास घेतात. वाटेत काय दिसेल, हा प्रश्न विचारणारा मनुष्य विरळाच. विचारलाच कुणी, तर घरातली इतर माणसं त्याच्याकडे जरा दयेनेच पाहतात. मीही अनेक वर्षे या घाईतल्या मंडळींपैकीच एक होतो. म्हणून आजचे हे भाषण म्हणजे जाणकाराचा उपदेश नव्हे. चुकून शहाणा झालेल्या माणसाचा अनुभव आहे, असे समजून ते ऐकावे.

उदाहरण घेऊनच बोलू. पुण्याहून मालवणला मोटारीने जायचे आहे. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. मोबाइलमधला नकाशा विचारला तर तो क्षणात उत्तर देतो : सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, तिथून गगनबावडा, खाली वैभववाडी, तळेरे, आणि कसालवरून मालवण. पहाटे निघाले की दुपारच्या जेवणाला पोहोचता येते. उत्तर चुकीचे नाही. पण नकाशाला आपण जो प्रश्न विचारला, त्याचेच ते उत्तर असते. ‘लवकर कसा पोहोचेन?’ असे आपण विचारले; ‘बरा कसा जाईन?’ असे विचारलेच नाही.

कोकणात उतरण्याच्या वाटा काही एक-दोन नाहीत. पुण्याच्या बाजूने पाहत गेलो तर मुळशीवरून ताम्हिणी, भोरवरून वरंधा, महाबळेश्वरवरून आंबेनळी, पाटणवरून कुंभार्ली, मलकापूरवरून आंबा आणि अणुस्कुरा, गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, आणि आजऱ्याच्या बाजूने आंबोली. हे सारे घाट इंजिनिअरने कागदावर रेघ ओढली म्हणून झालेले नाहीत. खाली बंदर आणि वर बाजारपेठ, या दोहोंमध्ये बैलांच्या पाठीवरून माल जात असे; बैलाला जिथे पाय टेकता आला तिथे वाट पडली. राजापूरच्या बंदरातला माल अणुस्कुऱ्याने वर चढत असे. आज आपण मोटारीच्या काचेतून ज्याला ‘सीनरी’ म्हणतो, ती त्या बैलांनी शोधून ठेवलेली आहे!

दुसरी एक गैरसमजूत इथेच दूर करून टाकतो. ‘कोकणातून जाऊ, समुद्र पाहत जाऊ’ असे म्हणून पुष्कळ लोक मुंबई-गोवा महामार्ग धरतात. हा पूर्वीचा १७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. आता त्याला ६६ म्हणतात. रस्ता सुंदर आहे, नद्या आहेत, डोंगर आहेत. पण आपल्या राज्यात त्यावरून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. तो पोटातून जातो. समुद्र पाहावयाचा तर किनाऱ्याच्या रस्त्याने जावे लागते, आणि तो रस्ता प्रत्येक खाडीपाशी येऊन थबकतो. कुठे पूल आहे, कुठे मोटारीसकट फेरीबोटीत चढावे लागते. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा या बोटी चालतात. तिकडची माणसे तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. नाव ऐकून घाबरू नये. सपाट तळाची लोखंडी बोट असते, मोटार आपल्या चाकांनी आत चढते, आणि थोड्याच वेळात पैलतीराला उतरते.

आता वाट निवडण्याचे माझे चार नियम सांगतो.

पहिला नियम : अंतर किलोमीटरने मोजू नये, तासांनी मोजावे, आणि तासही दिवसाउजेडीचेच धरावे. अंधारात कापलेला रस्ता हा पाहिलेला रस्ता नव्हे. किनाऱ्याच्या रस्त्यावर वळणे आहेत, चढउतार आहेत, मध्येच एखादी म्हैस आहे. तिथे तासाला तीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ झाले.

दुसरा नियम ऋतूचा. श्रावणातला घाट पाहावा असे कुणाला वाटत नाही? मलाही वाटले. एका जुलैत आम्ही मित्र भोरवरून वरंध्याला निघालो. नकाशाने मोठ्या खात्रीने निळी रेघ दाखवली होती. पुढे गेलो तो रस्त्यावर आडवा बांबू आणि पाटी : घाट बंद. दरड कोसळलेली. आल्या वाटेने भोरला परत! ती चूक नकाशाची नव्हे, माझी. निघण्यापूर्वी भोरच्या एस.टी. स्टँडवर दोन मिनिटे थांबून एखाद्या ड्रायव्हरला विचारले असते, तर त्याने तिथेच सांगितले असते. पावसाळा म्हणजे नुसते धबधबे नव्हेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला पूर येऊन ब्रिटिश अमदानीतला जुना पूल वाहून गेला, आणि दोन एस.टी. गाड्यांसह काही वाहने नदीत गेली, हे आपण विसरता कामा नये. म्हणून माझे म्हणणे असे : भर पावसात घाट पाहावयाचा तर एखाद्या ठिकाणी मुक्काम करून पाहावा, त्यातून लांबचा प्रवास आखू नये. पाऊस ओसरला, भातं पोटरीला आली, आभाळ धुतल्यासारखं झालं की निघावं.

तिसरा नियम सूर्याचा, आणि हा कुणी सांगत नाही. घाट पश्चिमेला उतरतो. दुपार कलल्यावर उतरू लागलात तर ऊन सरळ डोळ्यांत. ना रस्ता दिसतो ना दरी. तेव्हा घाट दुपारच्या आत उतरावा. समुद्राचे उलट आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे, सह्याद्रीच्या बाजूला असतो. पाण्यावर उजेड पडलेला असतो आणि निळा रंग खरा निळा दिसतो. दुपारी त्याच पाण्याचा नुसता पत्रा होतो.

याच नियमाचा पोटनियम बसण्याचा. आपल्याकडे मोटार डावीकडून चालते आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालात तर समुद्र येतो उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या वाट्याला. आणि ड्रायव्हरने समुद्र पाहावा अशी बाकीच्यांची मुळीच इच्छा नसते! परत येताना, उत्तरेकडे तोंड असताना, समुद्र डावीकडे येतो, गाडीही त्याच कडेने चालते, आणि शेजारी बसलेल्या माणसाला पाण्यापर्यंत काही आडवे येत नाही. म्हणून जाताना देशावरून जावे, घाट उतरावा, आणि येताना किनाऱ्याने यावे. एवढा साधा हिशेब कळायला मला वयाची चाळिशी उलटावी लागली.

चौथा नियम मी शेवटी ठेवला आहे, कारण तो मी मोडला होता.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, मूळचे मालवणकडचे. पण त्यांची मास्तरकीची पहिली नोकरी गुहागर तालुक्यातली, आणि आईचे माहेर दापोलीकडचे. मध्ये दाभोळची खाडी. लग्न झाल्यावर आईला त्यांनी याच खाडीतून होडीने अलीकडे आणली होती. ही गोष्ट आम्ही मुलांनी इतक्या वेळा ऐकली होती की ती सुरू झाली की आम्ही पुस्तकात डोके घालीत असू.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी दोघांना गावी घेऊन गेलो. निघताना नाना म्हणाले, “परतताना किनाऱ्याने येऊया. आता म्हणे दाभोळला गाडीसकट पलीकडे नेतात. बघू तरी कसं नेतात ते.” मी म्हटले, “नाना, उगाच वेळ मोडतो. मला सोमवारी पेपर तपासायला बसायचंय. पुढच्या खेपेला नक्की.” नानांनी हट्ट धरला नाही. गेल्या वाटेनेच आम्ही परत आलो. कोल्हापूर सोडल्यावर दोघांनाही झोप लागली. साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा नाना डोळे चोळीत बाहेर पाहू लागले. चौपदरी रस्ता, मधोमध कण्हेर, दोन्ही बाजूंना हॉटेले. मला म्हणाले, “रस्तो बरो आसा रे, पण वाट खंय गेली?”

मी हसलो. त्याच माघात नाना गेले. पुढची खेप आलीच नाही.

त्या सोमवारी मी जे पेपर तपासले त्यांतला एकही आज मला आठवत नाही.

पुढल्या वर्षी आईला घेऊन गेलो, ते मात्र वर सांगितलेल्या हिशेबाने. जाताना राधानगरीवरून, दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरलो, दुपारच्या आत. येताना मालवणहून सकाळी निघून आचरा, कुणकेश्वर, देवगड, जैतापूर, पूर्णगड, पावस करीत रत्नागिरीला मुक्काम. आई डाव्या बाजूला, काच खाली करून. दुसऱ्या दिवशी आरे-वारेचा रस्ता. तिथे डोंगराच्या कडेने मोटार वर चढते आणि एकदम दोन्ही पुळणी पायाखाली येतात. मग गणपतीपुळे, जयगड, पहिली जंगलजेटी, तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. आणि दुपारी धोपाव्याचा धक्का.

बोट सुटल्यावर आई मोटारीतून उतरून कठड्याशी जाऊन उभी राहिली. मीही गेलो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तेव्हा होडीत पाणी यायचं. हे शालूचा ओचा सांभाळ म्हणाले आणि स्वतः डब्याने पाणी उपसत बसले. मास्तर ना ते! मोजत होते, किती डबे झाले.” आणि ती हसू लागली. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पण डबे मोजल्याचे त्या दिवशी प्रथम कळले. खाडी समोर नसती तर ते तिला आठवलेच नसते.

त्या रात्री दापोली, आणि तिसऱ्या दिवशी मंडणगडवरून माणगाव, ताम्हिणी आणि पुणे. एका दिवसाचा प्रवास आम्ही तीन दिवसांत केला.

रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी महामार्ग आखलेला आहे आणि उरलेल्या मोठ्या खाड्यांवर पूल होऊ घातले आहेत. ते व्हावेत. रात्रीबेरात्री आजारी माणूस घेऊन धक्क्यावर बसलेल्यांना विचारा. त्यांना जंगलजेटीचे कौतुक नाही. आपल्या दोन दिवसांच्या हौसेसाठी त्यांनी कायम ताटकळावे, असे म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही. पूल झाले म्हणजे वाटा बदलतील, वेळही वाचेल. मात्र ज्यांना बोटीतून पलीकडे जायचे आहे, त्यांनी ते फार पुढे ढकलू नये, एवढेच.

तर चौथा नियम असा : वाट ठरविण्यापूर्वी, आपण कुणाला घेऊन चाललो आहोत ते पाहावे. लहान मुले असतील तर तासातासाला उतरता येईल अशी वाट घ्यावी. घाटात पोट ढवळणारे कुणी असेल तर कमी वळणांचा घाट पाहावा, आणि त्याला पुढे बसवावे. आणि घरातले वडीलधारे माणूस बरोबर असेल तर नकाशा उघडण्यापूर्वी त्याला विचारावे, ‘तुम्हाला कुठून जायचंय?’ पुष्कळदा ते ‘कुठूनही चालेल’ असेच म्हणते. एकदा विचारून सोडून देऊ नये, दुसऱ्यांदा विचारावे. मग हळूच एखाद्या खाडीचे, एखाद्या घाटाचे, एखाद्या बंद पडलेल्या शाळेचे नाव निघते. ती जागा प्रवासाच्या पुस्तकात नसेल. नसो. तिथूनच वाट काढावी.

वेळ वाढेल. माझ्या बाबतीत दोन दिवस वाढले. ते मला एक वर्ष आधी काढता आले असते.