दुःखाचा अर्थ आणि दुःखाचे कारण

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



अतीव दुःखातही जीवनाला अर्थ असतो काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात केवळ ग्रंथांतला राहिलेला नाही. 2023 सालच्या नोव्हेंबरात सेनगाव तालुक्यातील दहा शेतकऱ्यांनी कर्जफेडीसाठी स्वतःचे अवयव विकण्याची तयारी मुख्यमंत्र्यांना लेखी कळविली. मूत्रपिंड, यकृत, डोळे यांचे दरही त्यांनी लावले होते. सोयाबीन विकून ज्याचा खर्च निघत नाही, त्याच्यापाशी विकायला देह तेवढा उरतो. अशा माणसाला जीवनाचा अर्थ समजावून सांगण्याचा अधिकार कोणाला?

असलाच तर तो व्हिक्टर फ्रँकलसारख्याला. व्हिएन्नाचा हा मनोविकारतज्ज्ञ 1942 ते 1945 नाझींच्या बंदिवासात होता. आई, वडील, भाऊ आणि पत्नी यांना तो त्या छावण्यांत मुकला. सर्वस्व हिरावले गेले तरी परिस्थितीला कसे सामोरे जावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य माणसापाशी उरते, आणि ज्याची कोणी वाट पाहत आहे अथवा ज्याचे काही काम अपुरे आहे त्याला जगण्याचे बळ मिळते, असे त्याचे प्रतिपादन. प्रवचनकार एवढेच उचलतात. परंतु टाळता येण्याजोगे दुःख असेल तर त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण, निष्कारण सोसण्यात पराक्रम नाही, असेही फ्रँकलने बजावले आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला हा भेद मोलाचा वाटतो. अवर्षण निसर्गाचे असेल. पण पडलेले भाव, सावकाराचे व्याज आणि रखडलेला पीकविमा ही माणसांनी चालविलेल्या व्यवस्थेची फळे आहेत. त्यांना नशीब म्हणणे म्हणजे अन्यायाला अभय देणे होय.

मात्र कारण दूर होईपर्यंत माणसाला जगावे लागते, आणि गेलेला माणूस तर परत येतच नाही. तेथे काय करावे, याचे उत्तर वरोऱ्याजवळच्या आनंदवनाने दिले आहे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी मोजक्या कुष्ठरुग्णांसह खडकाळ माळावर वस्ती केली. त्या रुग्णांना समाज भीक घालीत होता. आनंदवनाने त्यांच्या झडलेल्या बोटांत कुदळ दिली. त्यांनी विहिरी खणल्या, शेती पिकविली, आणि ज्या समाजाने त्यांना बाहेर घातले होते त्याच्याच मुलांसाठी पुढे तेथे महाविद्यालय उभे राहिले. त्यांच्या वेदनेला अर्थ आला तो श्रमामुळे, सोबतीमुळे आणि आपली कोणाला तरी गरज आहे या जाणिवेमुळे. एकट्याच्या मनोनिग्रहाने हे घडले नसते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे. आत्महत्या झालेल्या घरी जाल तेव्हा उपदेश करू नका, आधी ऐका. ज्या बाईचा नवरा गेला, तिचे प्रकरण ‘अपात्र’ ठरले आहे काय, सातबारावर तिचे नाव लागले आहे काय, मुलांची शाळा सुटली आहे काय, याची चौकशी करा. तिच्याबरोबर तहसिलीत जा, आणि वर्षश्राद्धानंतरही जात राहा. अशा चार बायका एकत्र आल्या की त्या परस्परांचा आधार होतात, आणि भावासाठीच्या मोर्चात त्या पुढे चालू लागतात. जगण्याचा अर्थ तिचा तीच शोधील. तो शोधण्याइतकी उसंत, जमीन आणि माणसे तिच्यापाशी राहतील, एवढे पाहणे आपले काम आहे.