अंगणातील वनस्पती आणि औषधाची कसोटी



सर्दी-खोकला झाला की महाराष्ट्रातील घराघरांत तुळस, आले, ज्येष्ठमध आणि अडुळसा यांचे स्मरण होते. पिढ्यानपिढ्यांचा हा अनुभव निश्चितच मोलाचा आहे. परंतु अनुभव आणि सिद्ध औषध यांच्यामध्ये एक प्रदीर्घ वाट असते. ती चालल्यावाचून अभिमान पोकळ ठरतो.

मसाल्यातील चक्रीफुलाचेच उदाहरण घ्यावे. त्यात विपुल असणारे शिकिमिक आम्ल १८८५ साली जपानमधील ‘शिकिमी’ या त्याच्या भाऊबंद वृक्षातून प्रथम वेगळे करण्यात आले. शंभराहून अधिक वर्षांनी याच आम्लापासून, अनेक रासायनिक टप्पे पार करून, ‘टॅमिफ्लू’ हे औषध सिद्ध झाले. १९९९ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. इन्फ्लुएन्झाचा विषाणू ज्या विकराच्या साहाय्याने पेशीतून सुटून पुढे पसरतो, त्या विकरालाच ते अडविते. २००९ साली स्वाइन फ्लूने पुणे हादरले, तेव्हा याच औषधाचा आधार घेतला गेला.

मात्र यावरून चक्रीफुलाचा काढा म्हणजे टॅमिफ्लू असे मानणे ही घोर चूक होय. शिकिमिक आम्ल हा केवळ कच्चा माल. ते स्वतः औषधाचे कार्य करीत नाही. शिवाय शिकिमीचे फळ दिसायला चक्रीफुलासारखेच, पण विषारी असते.

अडुळशातील वासिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे औषध निर्माण झाले. ते कफ पातळ करते. विषाणूचा नाश करण्यासाठी ते दिले जात नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनने सार्सच्या विषाणूची वाढ रोखल्याचे २००३ साली जर्मन संशोधकांनी दाखविले. पण ते प्रयोगशाळेतील पेशींमध्ये. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. काचपात्रातील यश आणि रुग्णशय्येवरील यश यांत असे अंतर असते.

हे अंतर विसरल्याची किंमत रुग्ण मोजतो. धाप लागलेल्या माणसाला काढ्यावर थांबवून ठेवण्यात गेलेले तास परत येत नाहीत. घसा शेकण्यास काढा अवश्य घ्यावा. श्वास अपुरा पडू लागताच रुग्णालय गाठावे.

परंपरेने दिशा दाखवावी, प्रयोगाने निर्णय द्यावा आणि तो निर्णय प्रतिकूल आला तरी स्वीकारावा. वनस्पतीविद्येचा खरा सन्मान यातच आहे.