आधी नख, मग विळी

भोपळा म्हटलं की आपल्याला परीक्षेतलं शून्य आठवतं. बाजारातही त्याला मान तेवढाच. भाजीवाली कापून देईल ती फोड पिशवीत टाकायची आणि पुढं जायचं. पण भोपळा निवडणं हीसुद्धा एक परीक्षाच आहे, आणि तिची पहिली अडचण नावांची.

पुण्याकडं कोहळा म्हणजे अंगाला राख फासल्यासारखा पांढरट. विदर्भात लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. कुठं तो डांगर, कुठं गंगाफळ. आमच्या घरच्या दखनीत कद्दू म्हणजे दुधी. उत्तरेत कद्दू मागितला तर लाल भोपळा हातात येतो. दुधी आणि कोहळा इथले जुने रहिवासी. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर जगभर पसरलेला. नव्या पाहुण्याला लोकांनी जुन्यांचीच नावं दिली. म्हणून नावावर जाऊ नये, नखावर जावं.

दुधी कोवळा हवा. सालीत नख सहज रुतलं पाहिजे. लाल भोपळा आणि कोहळा जून हवेत. तिथं नख रुतता कामा नये. देठ वाळून लाकडासारखा झालेला असावा आणि फळ आकाराच्या मानानं जड लागावं. लाल भोपळ्याची फोड घ्याल तर गर गडद केशरी, घट्ट हवा; बियांभोवतीचे तंतू बुळबुळीत नकोत.

असा जून भोपळा कोरड्या, हवेशीर जागी काही महिने टिकतो. आमच्याकडं फ्रिज नव्हता तेव्हा तो माळ्यावर असायचा. पाऊस लागून राहिला, बाजार भरला नाही, की खाली यायचा. घरी पाहुणे वाढले की मटण वाढत नसे, भोपळा वाढे. पावशेर हाडांत अम्मी चण्याची डाळ, चिंच आणि भोपळ्याच्या मोठ्या फोडी घालून दालचा करायची. दुधी मिळाला तर दुधी, नाहीतर लाल. फोडी अगदी शेवटी घालायची. त्या विरघळल्या तर पाहुण्याच्या ताटात वाढायचं काय? हाड कुणाच्या वाट्याला आलं नाही, तरी फोड प्रत्येकाला मिळायची.

लाल भोपळ्याला स्वतःचं पाणी सुटतं, म्हणून भाजीत वरून पाणी घालू नये. मेथीदाणे, हिंग, सुक्या मिरच्यांची फोडणी, सालीसकट फोडी, झाकणावर पाणी. शिजत आल्या की आमसूल आणि गूळ. घारग्यांसाठी कीस गुळात शिजवावा आणि त्यात मावेल तेवढीच कणीक घालावी. कोहळ्याला चव बेताची; तो साखरेच्या पाकात खुलतो. आग्र्याचा पेठा त्याचाच. फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात, म्हणून पाकात मोडत नाहीत. आपल्याकडं त्याचे सांडगेही घालतात.

शेवटी एक सांगणं. कोणताही भोपळा असो, चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळं फळ फेका. हा कडूपणा विषारी असतो आणि शिजवल्यानं जात नाही. दुधीचा कडू रस पिऊन माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याबद्दल बजावलं आहे. फळाचे पैसे गेले म्हणून हळहळू नका. ताटात बसलेल्यांचा जीव त्याहून मोलाचा.