घरातली रंगीत काचेची खिडकी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधल्या रंगीत काचा तुम्ही मान वर करून पाहिल्या असतील. असंच काचचित्र घरात कुणी हातानं घडवलं, तर ते लावायचं कुठे?

या चित्राचं निम्मं काम उजेड करतो. पूर्वेच्या खिडकीत सकाळी त्याचे लाल-निळे कवडसे फरशीवर उतरतात. उत्तरेकडे दिवसभर सौम्य, एकसारखा उजेड मिळतो.

३ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला सुमारे ७.५ किलो भरते, काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचं वजन वेगळंच. म्हणून चारही बाजूंनी भक्कम लाकडी चौकट करा आणि साखळी त्या चौकटीलाच अडकवा. नेहमीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला टांगलं, की चित्र वाऱ्यापावसापासून जपलं जातं.

पुसायला मऊ, किंचित ओलं फडकं पुरे. शिसं विषारी असतं. हाताळल्यावर हात साबणानं धुवा आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर चित्र लावा.

आपल्या माणसानं घडवलेली ही कला कपाटात गुंडाळून ठेवू नका. तिला उजेडात आणा.