चिकाचा पहिला धनी



जुन्नर-आंबेगावच्या लोकांपुढे दुधावर व्याख्यान देणे म्हणजे ओतूरच्या शेतकऱ्याला कांदा दाखविण्यासारखे आहे. कुकडी आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत, नारायणगावापासून मंचर-घोडेगावापर्यंत, पहाटे दुधाची किटली निघत नाही असे गाव विरळाच. म्हणून आम्ही दुधाविषयी न बोलता दुधाच्या आधीच्या दुधाविषयी, म्हणजे चिकाविषयी, चार शब्द बोलणार आहोत.

गाय व्याली की शेजारीपाजारी चीक वाटावयाचा, त्यांनी भांडे रिकामे परत करावयाचे नाही, आणि घरोघर गूळ-वेलदोडा घालून खरवस उकडावयाचा, ही आपली रीत. आता याच चिकाची भुकटी डब्यांतून आणि कॅप्सूलांतून महागड्या भावाने विकली जाते. ती घेतल्याने मोठ्या माणसाची शक्ती वाढते, रोग दूर राहतात, असे सांगतात. यात तथ्य किती?

प्रथम चिकाचे काम काय ते पाहू. माणसाच्या मुलाला रोगांशी झुंजणारी काही द्रव्ये, ज्यांना प्रतिपिंडे म्हणतात ती, आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाईची वार मात्र ती वासरापर्यंत जाऊ देत नाही. वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याचे सारे कवच चिकात असते. पहिल्या धारेच्या चांगल्या चिकात दर लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रतिपिंडे असतात. नेहमीच्या दुधात ती १ ग्रॅमच्या आतबाहेर. नवजात वासराचे आतडे ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेते. पण हे दार तासातासाने मिटत जाते आणि सुमारे २४ तासांत बंद होते.

आपले दार तर केव्हाच बंद झालेले आहे. मोठ्या माणसाच्या पोटात ही प्रतिपिंडे बहुतांशी इतर प्रथिनांप्रमाणे पचून जातात. थोडा भाग आतड्यात टिकतो आणि तेथे काही उपयोग करतो असे काही प्रयोगांत दिसले आहे. खेळाडूंवरही प्रयोग झाले आहेत. पण ते बहुतेक लहान आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. एवढ्याशा पुराव्यावर धडधाकट माणसाने महिन्याच्या खर्चाला कात्री लावून डबे आणावेत, असे आम्हांस वाटत नाही.

मग खरवसाचे काय? खरवस आनंदाने खावा! तो उत्तम अन्न आहे. उकडल्यावर तो थिजतो, तो मुख्यतः या प्रतिपिंडांसारख्या प्रथिनांमुळेच. आणि थिजताना त्यांची रोगाशी लढण्याची शक्ती जाते. म्हणजे ताटात येते ते पौष्टिक पक्वान्न, औषध नव्हे. मात्र औषध म्हणून कच्चा चीक कोणी पिऊ नये. ब्रुसेलासारखे रोगजंतू त्यातून माणसाला होऊ शकतात.

आता खरा प्रश्न. चीक तापविला की साकळतो, म्हणून डेअरीत तो घेत नाहीत. चिकाला बाजार नव्हता, हेच वासराचे संरक्षण होते. त्याला भाव येऊ लागला की गोठ्यात पहिली धार कोणासाठी निघेल? ३० किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत सुमारे ३ लिटर चीक हवा. तो न मिळाला तर हगवणीने आणि न्यूमोनियाने वासरे दगावतात. कालवडीची काळजी घेणारे हात गोऱ्ह्याच्या बाबतीत आखडतात, हेही आपण जाणतो. वासराचे पोट भरून उरलेला चीक खुशाल घरात न्यावा. संकरित गाईखाली तो पुष्कळ उरतो.

वसुबारसेला आपण गाईबरोबर वासराचीही पूजा करतो आणि अनेक घरांत त्या दिवशी स्त्रिया गाईचे दूध-तूप खात नाहीत. दुधाचा पहिला धनी वासरू, हीच त्या व्रताची शिकवण नव्हे काय?

जाता जाता एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध 'वाईट' म्हणून पिळून टाकावयाचे आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवावयाचे, ही समजूत काही घरांतून अजून गेलेली नाही. वासराच्या वाट्याचा चीक आपण मिटक्या मारीत खावा आणि आपल्या बाळाच्या वाट्याचा मोरीत ओतावा, याला काय म्हणावे? वारेतून शिदोरी मिळालेली असली तरी हे दूध बाळाच्या आतड्यांचे पहिले राखण आहे. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तात्पर्य, चीक हे नुकत्याच जन्मलेल्याचे कवच आहे. थोरांना ते केवळ अन्न आहे. ज्याचे त्याला आधी पोहोचू द्या. मग उरलेल्याचा खरवस गोड लागेल.