घारापुरीचा हरवलेला लेख

(मोरा येथे वार्षिक सहलीच्या सायंकाळी ज्ञातिबांधवांपुढे केलेले भाषण)



आज घारापुरीची लेणी पाहून आपण मोऱ्यास परतलो, तेव्हा आपल्यापैकी दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी आम्हांस विचारले की, ही लेणी कोरणाऱ्यांत आपल्या ज्ञातीचे कोणी होते काय? असल्यास तसा उल्लेख स्मरणिकेत यावा, अशी त्यांची इच्छा आहे. प्रश्न सद्भावनेने विचारलेला असल्यामुळे त्यास टाळाटाळीचे उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

लेणी कोणी कोरविली हेच मुळी निश्चित नाही. ती सामान्यतः सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. कोणी कलचुरी राजांचे नाव घेतात, कोणी कोकणच्या मौर्यांचे. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. लेण्याच्या द्वाराशी असलेला एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला, असे त्यांच्याच दियोगो दो कोउतो या इतिहासकाराने नमूद केले आहे. तो लेख पुढे कोणासही सापडला नाही. किनाऱ्यावरील ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले, तो हत्तीही १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत पडून फुटला. त्याचे तुकडे पुन्हा सांधून तो मुंबईच्या राणीच्या बागेत ठेवला आहे. मुलांना तो अवश्य दाखवावा.

लेख गेला ही हानी मोठीच. परंतु त्या सुमारे १८ फूट उंचीच्या त्रिमुखी शिवमूर्तीसमोर आज निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक उभे होते, आणि आवाज मात्र सर्वांचेच आपोआप खाली आले होते. कोरणाऱ्याची जात कोणी विचारीत नव्हते. आपण तेथे आपले नाव लावू गेलो, तर ज्या मूर्तीवर साऱ्या देशाचा हक्क आहे, तिचा आपल्यापुरता एक तुकडा तोडून घेऊ. तेवढ्यासाठी आम्ही लेखणी उचलणार नाही.

अभिमानाबरोबर दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. बेटावरील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या वस्त्यांत मात्र समुद्राखालून तारेने कायमची वीज पोहोचली ती २०१८ मध्ये! पलीकडे मुंबईचे दिवे रोज रात्री दिसत असता या कुटुंबांनी इतकी वर्षे कशी काढली असतील? स्मारक राष्ट्राचे म्हणावयाचे आणि त्याच्या पायथ्याचा गावकरी कोणाचाच नाही, हे कसले राष्ट्रप्रेम?

नावांचीच हौस असेल, तर त्यासाठी याच उरण तालुक्यात दुसरे ठिकाण आहे. इंग्रज सरकारच्या जंगल कायद्याविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे सत्याग्रह झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. तेथील हुतात्म्यांत नाग्या कातकरी आहे, रामा बामा कोळी आहे, रघुनाथ न्हावी आहे. पाटील, म्हात्रे, घरत आहेत. घारापुरीस नावे नाहीत, म्हणून कोणी जात विचारीत नाही. चिरनेरला नावांवरूनच जाती कळतात. पण नावे एकाच स्मारकाशी एकत्र घेतली जातात, आणि त्या दिवशी कातकऱ्याची गोळी निराळी व पाटलाची निराळी नव्हती. आपल्या मुलांना ‘आपण कोण’ हे शिकवावयाचे असेल, तर वंशावळीच्या आधी ही नावे पाठ करवून घ्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा स्मरणिकेत तो उल्लेख करू नये, आणि पुढील वर्षीची सहल २५ सप्टेंबरलाच चिरनेरास न्यावी, अशी आमची अध्यक्षांस विनंती आहे. रस्ता जमिनीवरचा आहे. लाँच चिखलात रुतेल म्हणून भरतीची वाट पाहावी लागणार नाही.