रस्ता रखडला की रखडवला?
(कोकणातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

पनवेलहून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 66 आपण मुंबई–गोवा महामार्ग म्हणून ओळखतो. महाराष्ट्राबाहेरील साथींना हा एका प्रांताचा प्रश्न वाटेल. परंतु सार्वजनिक कामासाठी पैसा कोणी, कोणत्या अटींवर उभा करावा, हा प्रश्न साऱ्या देशाचा आहे. म्हणून हे उदाहरण तपासले पाहिजे.

पनवेल ते रायगड जिल्ह्यातील इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणास 2011 मध्ये प्रारंभ झाला. ते 2014 मध्ये संपावयाचे होते. 2025 च्या गणेशोत्सवासही मुंबईचा चाकरमानी अपुऱ्या रस्त्यावरूनच गावी गेला.

विलंबाचे मूळ पहिल्याच निर्णयात आहे. 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' ही पद्धत स्वीकारण्यात आली. म्हणजे खाजगी कंत्राटदाराने बँकांकडून कर्ज काढावे, रस्ता बांधावा आणि टोलमधून वसुली करावी. सरकारी तिजोरीवर भार नको, असे समर्थन केले गेले. पण बँकांतील ठेवी कोणाच्या? कष्टकऱ्यांच्या व मध्यमवर्गीयांच्याच. पुरेशी जमीन ताब्यात नसताना आणि कर्नाळा अभयारण्याच्या हद्दीतील परवानगीचा प्रश्न सुटलेला नसताना काम काढण्यात आले. काम अडले, कर्जाचा ओघ आटला आणि अखेर सार्वजनिक पैशाकडेच वळावे लागले. नफ्याची आशा खाजगी, तोटा मात्र सार्वजनिक, असा हा व्यवहार!

राज्यकर्ते पावसाकडे, डोंगरांकडे आणि जमिनीच्या वादांकडे बोट दाखवतात. या अडचणी खऱ्या आहेत. त्या नाकारण्याचे कारण नाही. पण याच डोंगरांतून, याच पावसात कोकण रेल्वे झाली. 1990 मध्ये तिचे महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी 1998 मध्ये सुमारे 740 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या चार राज्यांनी भांडवल दिले; रोख्यांतून पैसा उभारला. जबाबदारी एका सार्वजनिक यंत्रणेवर होती.

दुसरा दाखला अधिक वेदनादायक आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यानंतर तेथे 165 दिवसांत नवा पूल उभा राहिला व जून 2017 मध्ये तो खुला झाला. मग प्रश्न विचारलाच पाहिजे : निकड पटण्यासाठी माणसे मरावीच लागतात काय?

पैसा नव्हता, हेही पटणारे नाही. 2015 मध्ये घोषित झालेला 701 किलोमीटरचा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण झाला. त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गासाठी 20 हजार कोटींहून अधिक रकमेस मान्यता दिली. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलने केली असतानाही! हाती घेतलेले काम अपुरे आणि ज्याची मागणी शेतकऱ्यांनी केली नाही त्याला निधी, याला नियोजन म्हणता येणार नाही.

कॉम्रेड्स, थोडे आत्मपरीक्षणही हवे. आपण खड्ड्यांविरुद्ध गणपतीच्या तोंडावर निदर्शने करतो; खड्डे बुजवल्याची घोषणा होते आणि आपण घरी परततो. आंदोलन खड्ड्यापाशी थांबता कामा नये. ते कंत्राटापर्यंत गेले पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक टप्प्याचे कंत्राट, मुदतवाढ व दिलेली रक्कम ग्रामपंचायतीत लावावी. जमीन व मोबदल्याचा प्रश्न सुटल्याखेरीज कामाचा आदेश देऊ नये. रस्ता पूर्ण होईपर्यंत टोल घेऊ नये. अपुऱ्या कामांना निधीत अग्रक्रम द्यावा.

या मागण्या घेऊन एस.टी. कामगार, रिक्षाचालक, जमीन दिलेले शेतकरी आणि मुंबईतील चाकरमानी यांना एकत्र आणणे, हे या वर्गातून उठल्यावर आपले पहिले काम आहे.